थोरल्या भावाचं पान

कोरेगावहून सांगलीला येणारी दुपारची गाडी विश्रामबागच्या थांब्यावर थांबली, की कंडक्टर जाधव दारातून हात लांब करून सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा माझ्या हातात द्यायचे. त्या दिवशी ते स्वतः खाली उतरले आणि त्यांचे हात रिकामे होते. “बाई, आज गठ्ठा न्हाई,” ते म्हणाले, “मास्तर गेलं. काल शाळंतच... मधल्या सुट्टीत खुर्चीवर बसलं ते उठलंच न्हाईत.” गाडीतली माणसं खोळंबली होती, म्हणून ते लगेच वर चढले आणि त्यांनी घंटी दिली. गठ्ठ्यासाठी नेलेल्या कापडी पिशवीची मी घडी घातली, कॉलेजात परत आले आणि पुढचा तास घेतला. काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही. संध्याकाळी यजमानांनी चहाचा कप पुढे केला तेव्हा कुठं रडू आलं. एकदा आलं आणि मग थांबेना.

दिनकर घाडगे हे नाव या पुरवणीच्या बहुतेक वाचकांना माहीत असायचं कारण नाही. कोरेगावातल्या एका हायस्कुलात ते मराठी शिकवायचे, बाजारपेठेच्या मागे एका खोलीत एकटे राहायचे आणि ‘पाखडण’ नावाचं एक पातळसं अनियतकालिक काढायचे. जमेल तेव्हा अंक निघायचा. मुखपृष्ठाला साधा खाकी कागद, आत दाट छापलेली पानं, चित्र एकही नाही. त्यात कविता नसायच्या, कथा नसायच्या. असायची ती फक्त परीक्षणं, आणि तीही कशाकशाची! केशकर्तनालयात टांगलेल्या कॅलेंडरांवरच्या देवांचे चेहरे दरवर्षी जास्त गोरे का होत चाललेत, यावर मास्तरांनी पाच पानं लिहिली होती. भजनात शिरलेल्या सिनेमाच्या चालींवर लिहिलं होतं. लग्नातल्या लाउडस्पीकरवर लिहिलं होतं. साखर कारखान्यांच्या आवारातले पुतळे माणसासारखे न दिसता सत्काराच्या फोटोसारखे का दिसतात, यावर लिहिलं तेव्हा एका संचालकानं त्यांना बोलावून घेतलं होतं. मास्तर गेले, चहा प्यायले आणि लेखातला एकही शब्द न बदलता परत आले. पुस्तकं आणि नाटकं यांच्यावर तर ते लिहायचेच. पुण्या-मुंबईची मंडळी ज्या गोष्टींकडे ढुंकूनही पाहायची नाहीत, त्यांच्याकडे हा माणूस चष्मा पुसून बघायचा.

‘पाखडण’चे दोन नियम होते. ज्याच्यावर टीका करायची, त्याला ती छापण्याआधी समोर बसून वाचून दाखवायची, हा पहिला. “आपल्याबद्दल वाईट काय लिहिलंय ते माणसाला छापील कागदावरनं कळू नये,” मास्तर म्हणायचे, “तोंडावर बोलायची हिंमत नसेल तर लिहूच नये.” दुसरा नियम असा, की पुढच्या अंकात त्या माणसाला उत्तरासाठी एक पान मोकळं ठेवायचं. उत्तर आलं तर एक अक्षर न कापता छापायचं. नाही आलं तर पान कोरं जायचं. साताऱ्याच्या ज्या छापखान्यात अंक छापला जायचा, तिथले हमीदभाई यावर कायम कुरकुरायचे. शिशाचे खिळे जुळवून छापायच्या त्या काळात कोऱ्या पानाच्या जागी लाकडाचे ठोकळे ठोकून बसवावे लागायचे. “मास्तर, तुमच्या न लिवनाऱ्या लोकांसाठी मला लय लाकूड लागतंय,” असं ते म्हणायचे आणि तरीही पान नीट बसवून द्यायचे.

माझी त्यांची ओळख पहिल्या नियमातूनच झाली. माझा पहिला कथासंग्रह आला होता. सांगलीत सत्कार झाला, कॉलेजात पेढे वाटले गेले, आणि मी जरा हवेतच होते. एका रविवारी जेवणं उरकत असताना दारात एक उंच, वाकलेला, खादीचा झब्बा घातलेला माणूस उभा राहिला. “बाई, मी कोरेगावहून आलो. तुमच्या पुस्तकावर लिहिलंय. छापायच्या आधी वाचून दाखवायची आमची पद्धत आहे,” असं म्हणून त्यांनी पिशवीतून कागद काढले. मला वाटलं, कौतुक असणार. यजमानही बाहेर येऊन बसले. मग मास्तरांनी वाचायला सुरुवात केली... माझ्या कथांमधल्या बायका दुःखात इतक्या सुंदर दिसतात, की लेखिकेनं त्यांना कधी भांडी घासताना पाहिलं नसावं, असं त्यात होतं. माझी भांडी मोरीत तशीच पडली होती. मी लालबुंद झाले. यजमान मात्र मान खाली घालून हसत होते, ते मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मी उत्तर लिहिलं. पान भरून, चांगलं झणझणीत. मास्तरांना मी ‘दुसऱ्यांच्या ताटातले खडे मोजणारे गृहस्थ’ म्हटलं होतं. त्यांनी ते पहिल्याच पानावर छापलं आणि अंकाबरोबर निरोप धाडला, की तुमच्या कथांपेक्षा तुमचं हे उत्तर सरस आहे, असंच लिहीत जा. तिथून माझं लिखाण बदललं. कथा कमी झाल्या, ‘पाखडण’साठीचे लेख वाढले. सांगलीतले अंक वाटायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. आमच्या दोघांत कितीदा तरी कडाक्याची भांडणं झाली. घरचे म्हणायचे, मास्तर आले की आधी कपबशा आत ठेवा. पण त्या भांडणांत मला जो मान मिळाला तो सत्कारांत कधी मिळाला नाही. तो माणूस माझं वाक्य न् वाक्य खरं मानून चालायचा. मी रागानं बोललेलंसुद्धा.

त्यांचं गाव कडेगावच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यातलं. आईवडील लहानपणीच गेले होते. थोरला भाऊ रामचंद्र पलटणीत गेला आणि पलटणीतून पैसे पाठवून त्यानं धाकट्याला शिकवलं. मास्तर त्यांना दादा म्हणायचे आणि हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा, एरवी तो मऊ झालेला मी ऐकला नाही. दादा सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि गावच्या जत्रेसाठी त्यांनी स्वतः एक नाटक लिहून बसवलं. लढाईत पडलेल्या एका जवानाची गोष्ट. कामं करणारे निम्मे पेन्शनर फौजीच होते. आम्ही दोघं नवराबायको मास्तरांबरोबर ते बघायला गेलो. शेवटच्या प्रवेशात जवानाच्या मरणाची बातमी घेऊन लोक त्याच्या दारात येतात, बायको एक किंकाळी फोडून कोसळते, तिच्यावर तिरंगी प्रकाश पडतो आणि पडदा. सगळी जत्रा रडली. मीही रडले. पहिल्या रांगेत हिराबाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा खरोखरच लढाईत गेला होता आणि नाटकाआधी त्यांना साडी-नारळ दिला होता. त्या तेवढ्या रडत नव्हत्या. मास्तर स्टेजकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होते, आणि हा माणूस आता काय करणार ते मला कळलं.

त्यांनी लिहिलं. या नाटकात जवानाला भाषण आहे, सरपंचाला भाषण आहे, शत्रूच्या अधिकाऱ्यालासुद्धा भाषण आहे. ज्या बाईचा नवरा गेला तिला एकही वाक्य नाही, फक्त किंकाळी आहे. आपण तिचं दुःख आपल्या रडण्यासाठी वापरून घेतलं आणि बदल्यात तिला नारळ दिला... अशा अर्थाचं. मी म्हटलं, “मास्तर, याला वाचून दाखवायची गरज नाही आणि छापायचीही नाही. ही जत्रा आहे, तुमचा भाऊ आहे.” ते म्हणाले, “बाई, तुम्हाला मोरीतली भांडी दाखवली आणि दादांना सोडू? मग तुमची माफी मागावी लागेल.” एकट्यानं जायचा त्यांना धीर होत नव्हता, हे ते बोलले नाहीत, पण मी संगती गेले.

सुभेदारांच्या घरी, पुढच्या सोप्यात, मास्तरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. सुभेदार ताठ बसून ऐकत होते, कवायतीला उभं राहिल्यासारखे. आत वहिनींनी भाकऱ्या थापायचं थांबवलं होतं, तो थापण्याचा आवाज बंद झालेला मला अजून आठवतो. वाचून संपलं.

“खरं लिवलंयस,” सुभेदार शेवटी म्हणाले. “छाप.”

मास्तरांनी मान वर केली.

“पर आता जेव, आन् जा. परत ह्या घरात येऊ नगंस.”

ताटं वाढली गेली. आम्ही जेवलो. वहिनींनी मास्तरांच्या ताटात तुपाची वाटी ठेवली, ती त्यांनी संपवली, हात धुतला, भावाच्या पाया पडले आणि निघाले. येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मध्येच एकदा म्हणाले, “उत्तर येईल. दादा हार मानणाऱ्यातले नाहीत.”

अंक निघाला. पुढच्या अंकात सुभेदारांसाठी पान ठेवलं, ते कोरं गेलं. इतरांसाठी ते एकदाच ठेवायचे. दादांसाठी मात्र पुढच्या अंकातही ठेवलं, आणि त्याच्या पुढच्याही. मी चिडायचे. कागद टंचाईचे दिवस होते आणि माझा लेख जागेअभावी मागे पडायचा. पण मास्तर ऐकायचे नाहीत. गावातल्या लोकांनीही सुभेदारांच्या बाजूनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. बाजारात कुणी गाववाला दिसला तर तो रस्ता बदलायचा. सुट्टीत शाळा ओस पडायची आणि मास्तर खोलीत स्टोव्हवर पिठलं करून एकटे जेवायचे. दिवाळीला मी आग्रहानं सांगलीला बोलवायचे. ते यायचे, मुलांशी खेळायचे आणि भाऊबीजेच्या सकाळी काहीतरी निमित्त काढून निघून जायचे.

मग आणीबाणी आली आणि त्या कोऱ्या पानानं भलतंच वळण घेतलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता, कुणीकुणी निषेध म्हणून कोऱ्या जागा सोडत होतं. ‘पाखडण’चा अंक कुणाच्या तरी हातून पुण्याला गेला, तिथून मुंबईला, आणि बघता बघता कोरेगावच्या एका मास्तरानं सरकारच्या नाकावर टिच्चून कोरं पान छापलं, अशी बातमी कानोकानी झाली. ज्यांनी त्यांच्या अंकाची कधी पोच दिली नव्हती, त्यांची अभिनंदनाची पत्रं येऊ लागली. आसपासच्या दोन-तीन लहान नियतकालिकांनी मास्तरांचं बघून कोरी पानं सोडली. एक फौजदार शाळेत आला. मास्तरांनी त्याला खरं तेच सांगितलं, “साहेब, हे पान माझ्या थोरल्या भावाचं आहे. त्यांचं उत्तर यायचंय.” फौजदारानं अंक उलटापालटा केला आणि म्हणाला, “मग त्यास्नी जरा लौकर लिवाय सांगा की. आमाला उगी हेलपाटं.” हे सांगताना मास्तर खूप दिवसांनी खळखळून हसले होते.

आणीबाणी उठल्यावर सांगलीत सभा झाली, लेखणी न वाकवणाऱ्यांचा सत्कार म्हणून. मास्तरांचं नाव पत्रिकेत ठळक होतं. मी त्यांना आदल्या दिवशी हात जोडून सांगितलं, “काही बोलू नका. हार घालून घ्या, नमस्कार करा, खाली या. आणीबाणी तुम्हालाही नको होती ना? मग पान कशासाठी कोरं होतं याचा हिशेब कोण मागतंय?” त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी नाट्यगृह भरलेलं, टाळ्यांचा कडकडाट, आणि हा माणूस माइकसमोर उभा राहून सांगतो, की हा सत्कार मला घेता येणार नाही. आणीबाणीविरुद्ध मी लिहायला हवं होतं, ते मी लिहिलं नाही. ते पान माझ्या भावाचं आहे. टाळ्या थांबल्या. मागून कुणीतरी “भित्रा!” म्हणून ओरडलं. अध्यक्षांच्या हातात हार तसाच लोंबत राहिला. मी पहिल्या रांगेत होते, आणि मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

ते बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. त्या एका खऱ्या बोलण्यानं त्यांच्याभोवती नुकतीच जमू लागलेली माणसं पुन्हा पांगली. लिहिणारे लिहिनासे झाले. अंक आणखी पातळ झाला. शेवटी शेवटी त्यात मास्तरांचा एक लेख, माझा एक लेख आणि ते पान, एवढंच उरलं. तरी दर खेपेला गठ्ठा यायचा. मी तो सांगलीभर वाटायचे आणि लोक तो माझ्या भिडेखातर घ्यायचे.

मास्तर गेल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी घरमालकीणबाईंनी खोली रिकामी करायला बोलावलं. पुस्तकांचं काय करायचं ते त्यांना माझ्याखेरीज विचारायला कुणी नव्हतं. मी गेले तर दारात सुभेदार उभे. मधल्या वर्षांत पार वाळून गेले होते, पाठ मात्र ताठ. भावाला अग्नी द्यायला ते आले होते, पण दवाखान्यातून स्मशानात आणि तिथून परस्पर गावी. खोली त्यांनी पाहिलीच नव्हती. आत आले, चौफेर बघितलं. एक कॉट, एक स्टोव्ह, भिंतीला टेकवून रचलेले अंक. “हितं ऱ्हायचा व्हय?” एवढंच म्हणाले.

मला राहवलं नाही. मास्तरांच्या वतीनं भांडायला आता माझ्याशिवाय होतं कोण? मी म्हटलं, “सुभेदार, इतकी वर्षं त्यांनी तुमच्यासाठी पान राखलं. तुम्ही एक ओळ पाठवली असती तरी माणूस जगला असता. उत्तर का नाही दिलंत?”

ते कॉटवर बसले. “दिलं की,” म्हणाले. “दर जत्रंला देत हुतो.”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मास्तरांनी लेख वाचून दाखवला, त्याच आठवड्यात सुभेदार हिराबाईंच्या घरी गेले आणि त्यांना विचारलं, बातमी आली त्या दिवशी तुम्ही काय बोलला होता? त्यांना आजवर ते कुणीच विचारलं नव्हतं. हिराबाईंनी सांगितलं आणि सुभेदारांनी ते जसंच्या तसं नाटकात घातलं. किंकाळी काढून टाकली, तिरंगी दिवा काढून टाकला. बातमी घेऊन आलेली माणसं दारात उभी राहतात. त्यांचे चेहरे बघून बाईला सगळं समजलेलं असतं. ती म्हणते...

सुभेदार उठून उभे राहिले. स्टेजवर सांगितल्याशिवाय त्यांना ते सांगताच येत नसावं. “‘जरा थांबा. म्हस तानलेली हाय. तिला पानी पाजून येते, मग सांगा.’ आन् ती आत जाती. मान्सं तशीच हुबी. पडदा.” थोडं थांबून ते म्हणाले, “आता कुनी रडत न्हाई, बाई. जत्रा गप हुती. लय गप हुती.”

“मास्तरांना हे कुणी सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“मीच बजावलंवतं सगळ्यास्नी. कुनी सांगायचं न्हाई, त्येनं येऊन बघावं म्हनून. पयल्या रांगंत त्येची खुर्ची असायची. दर साली वाटायचं, औंदा येनार.” त्यांनी भिंतीजवळच्या अंकांच्या रचेवरून हात फिरवला, उघडला एकही नाही. “मी म्हनलं, येऊ नगंस. म्हनतंय मानूस रागाच्या भरात. पर थोरल्या भावानं म्हनलं म्हनून कुनी खरंच येत न्हाई व्हय, बाई?”

मला त्यांना सांगायचं होतं, की तुमचा भाऊ तसाच होता, माणसाचा प्रत्येक शब्द तो खरा मानायचा. पण मी भिंतीजवळचे अंक सारखे करत राहिले. एवढी मोठी जत्रा गप करणारं ते वाक्य ज्याच्यामुळं उभं राहिलं, त्यानं ते एकदाही ऐकलं नव्हतं. माझ्या कथांपासून फौजींच्या नाटकापर्यंत काय काय त्या पातळ अंकानं बदललं, ते त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. आपण एकटे बोलतोय आणि पलीकडे कुणी नाही, असंच तो समजत राहिला.

पुस्तकं आम्ही त्या दिवशी हलवली नाहीत. खोली आपण ठेवणार, असं सुभेदारांनी घरमालकीणबाईंना सांगून टाकलं. परवा घरमालकीणबाईंचं कार्ड आलं. म्हातारा दर बाजाराच्या दिवशी गावाहून येतो म्हणे, कुलूप काढतो, कॉटवर बसून राहतो. दार मात्र सताड उघडं ठेवतो. बाईंनी एकदा विचारलं, वारा येतोय, लोटून घेऊ का? तर म्हणाला, “नगा, ऱ्हाऊ दे. कुनी आलं-बिलं तर बंद दिसाय नगं.”